वाकण्यास मनाई

माझ्या बायकोचं नाव भिवरा. सरकारच्या नोंदीत ती रानडुक्कर आहे.

शब्द माझा नाही. वन्यजीव सहवास प्राधिकरणाच्या केंद्रात भिंतीएवढा पडदा आहे, त्यावर मी तो स्वतः वाचला, एकेक अक्षर जुळवत. चार एप्रिल, सकाळी पाच बावन्न. खांब क्रमांक सतरा. वाघीण सी-नऊ. त्यापुढे: 'नैसर्गिक शिकार. भक्ष्य: रानडुक्कर, मादी. मानवी उपस्थिती: नाही.'

मादी. तेवढं बरोबर ओळखलं होतं.

आमचं चिचटोला गाव जंगलाला इतकं चिकटून आहे की शेवटच्या घराचं सांडपाणी जंगलातच जातं. मी लटारू नन्नावरे. पस्तीस वर्षं वनमजूर होतो, नंतर गावच्या वन समितीचा अध्यक्ष झालो. वाघानं माणूस मारला की सरकार काय करतं, ते सगळं मी पाहिलं आहे. आधी साहेब येतात, मग पिंजरा येतो. पिंजऱ्यात वाघ सापडतो, पण मारणारा तोच की दुसरा, हे कोणी सांगू शकत नाही. त्याला लांब नेऊन सोडतात, पावसाळ्याआधी तो परत येतो. एकदा आम्हाला रबरी मुखवटे वाटले. ते डोक्याच्या मागच्या बाजूला बांधायचे, म्हणजे वाघाला वाटेल माणूस आपल्याकडेच बघतो आहे. तान्ह्या पोळ्याला मुलं ते घालून नाचली. मग एका वर्षात तालुक्यातली एकतीस माणसं गेली आणि त्याच्या पुढच्या वर्षी, २०३५ साली, निर्धोक योजना आली.

योजना चांगली होती. हे मी आजही म्हणतो.

प्रत्येक वाघाला बेशुद्ध करून गळ्यात पट्टा घातला. जंगलात दर दोनशे मीटरवर खांब रोवले. खांबावरचा कॅमेरा उजेड बघत नाही, अंगाची ऊब बघतो. अंधारात, धुक्यात, पानाआड त्याला उबदार आकृती दिसते. ती आकृती माणसाची असली की खांबावर निळा दिवा लागतो आणि जवळपासच्या वाघाच्या पट्ट्याला निरोप जातो. पट्टा आधी थरथरतो. वाघ तरीही माणसाकडे आलाच तर मानेला लाल मुंग्या डसल्यासारखा झटका बसतो. तीन-चार वेळा झालं की वाघ शिकतो, इकडे जायचं नाही.

पहिल्या वर्षी एक घोटाळा झाला. पट्टा कोणतीही ऊब दिसली की झटका द्यायचा. चितळ दिसलं, झटका. रानगवा दिसला, झटका. दोन वाघ उपासानं मेले आणि बाकीचे गावच्या गोठ्यांत शिरले. तेव्हा ठरलं की यंत्राला माणूस कोणता आणि भक्ष्य कोणतं हे शिकवायचं. भक्ष्य असेल तर दिवा लागणार नाही, पट्टा गप्प राहील, वाघ पोट भरेल.

यंत्राला शिकवायचं म्हणजे चित्रं दाखवायची. हे माणूस, हे माणूस, हे डुक्कर, हे माणूस. हजारो चित्रं. त्यासाठी गावोगाव कॅमेरे घेऊन माणसं आली. आमच्या गावी आली तेव्हा मीच दवंडी दिली.

बायका आल्या त्या ठेवणीतली लुगडी नेसून, केसांना तेल लावून. भिवरानं माझाही भांग पाडला होता. कॅमेरावाला म्हणाला, "बाई, रोज जंगलात जसं काम करता तसं करा. फुलं वेचा, पानं तोडा."

पारबताबाई म्हणून आमच्या शेजारीण आहेत, साठीच्या पुढच्या, तोंडाला कडी नाही. त्या म्हणाल्या, "साहेबापुढं ढुंगन वर करून फुलं वेचू का गा? मुंबईवाले काय म्हनतील?"

सगळ्या पदराआड हसल्या. भिवरा एकटी वाकली होती. रिकाम्या जमिनीवरून एक खोटं फूल उचलायला तिनं हात घातला होता.

मी अध्यक्ष होतो. मी ओरडलो, "ताठ उभ्या राहा सगळ्या! चित्र वरपर्यंत जानार हाय. चिचटोल्याच्या बाया काय भिकारनी वाटल्या पाह्यजे?"

भिवरा ताठ झाली. सगळ्या ताठ झाल्या आणि एका ओळीत, लग्नाच्या फोटोत असतात तशा, कॅमेऱ्यापुढून चालत गेल्या. पुढे कळलं की एकूण एक गावात असंच झालं. फोटो काढताना कोणी वाकतं का? यंत्रानं बारा हजार माणसं पाहिली आणि त्यातलं एकही वाकलेलं नव्हतं.

*

मोहाची फुलं उजाडायच्या आधीपासून गळतात. बायकांना सूर्याच्या आत झाडाखाली पोचावं लागतं, नाहीतर हरणं आणि अस्वलं फुलं खाऊन टाकतात. चार एप्रिलला भिवरा आणि माझी सून रेवता सतरा नंबरच्या खांबाजवळच्या झाडाखाली गेल्या. मुलगा ईश्वर तेव्हा तेलंगणात ट्रकवर होता. घरात आम्ही तिघंच.

रेवतानं जे पाहिलं ते तिनं मला एकदाच सांगितलं.

"आम्ही उभ्या होतो तवा दिवा निळा होता, मामाजी. आत्याबाई वाकून वेचू लागल्या. मी टोपली रिती कराले झाडामागं गेली. मागं पाह्यलं तं दिवा बंद. मले वाटलं बिघडला. तितक्यात ती आली. आवाज नाई, काई नाई. आत्याबाई कळवळून ओरडल्या आन् तिनं लगेच सोडलं. सोडून दहा पावलं मागं सरकली आन् खाली बसली. मी बोंबलली तरी ती बसूनच होती. मामाजी, तिचं तोंड कसं होतं सांगू? चुकल्यावानी."

भिवराच्या मानेला चारच दात लागले होते. चार पुरले.

वाघ ताठ माणसाला भितो. पस्तीस वर्षांत मी सतरा वेळा वाघासमोर उभा राहिलो आहे. उभा होतो म्हणून आज जिवंत आहे. वाकलेला माणूस त्याला चार पायांचा दिसतो. डोकं खाली, पाठ आडवी, ऊब जमिनीजवळ. वाघीण चुकली, पण किंकाळी ऐकताच तिला चूक कळली. एवढी अक्कल तिला होती.

*

केंद्राचे उपसंचालक देवस्थळी. बोलायला मऊ. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि पडद्यावर ती नोंद दाखवली.

"काका, तुमचं दुःख मी समजतो. पण त्या वेळी त्या ठिकाणी माणूस नव्हता. नोंद तुमच्यासमोर आहे."

"मग माजी बायको कुठं होती?"

"ते आम्ही कसं सांगणार? भोवळ येऊन पडल्या असतील. नंतर एखादं जनावर आलं असेल. दात मेल्यानंतरही लागू शकतात."

"माजी सून तिथंच होती."

"त्या घाबरलेल्या होत्या. घाबरलेला माणूस काहीही बघतो." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "तीन वर्षं आपल्या विभागात एकही मृत्यू नाही, काका. शून्य. असं देशात कुठे नाही. उगाच एका शंकेसाठी..."

मला त्यांच्या टेबलावरचा काचेचा वाघ उचलून फेकावासा वाटला. तो बक्षिसात मिळालेला होता. मी हात मांडीखाली दाबून धरले.

"साहेब," मी विचारलं, "वाघिनीनं डुक्कर मारलं म्हनता. मंग खाल्लं काहून नाई? भुकेली असन तरच ती डुकराले तोंड लावते. जखम होयाची भीती असते तिले. मारलं आन् टाकून गेली? अशी कोनती वाघीन?"

कोपऱ्यात एक बाई यंत्रावर काम करत होत्या, चाळिशीच्या, चष्मा कपाळावर. त्यांनी मान वर केली.

"तिनं नंतर दोन दिवसांनी चितळ मारलं," त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "म्हणजे भूक होती."

"सबनीस मॅडम, तुम्ही तुमचं काम बघा," देवस्थळी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनघा सबनीस एकट्याच बॅटरीच्या स्कूटरवर गावात आल्या. यंत्राचा डोळा सांभाळणं हे त्यांचंच काम होतं. त्यांना सतरा नंबरचा खांब बघायचा होता. मी आणि रेवता सोबत गेलो.

खांबाजवळ पोचताच निळा दिवा लागला.

"आता वाका," मॅडम रेवताला म्हणाल्या. "त्या दिवशी सासूबाई वाकल्या होत्या तशा."

आम्ही दोघं झाडाआड लपलो. रेवतानं टोपली टेकवली, वाकली. एक, दोन, तीन म्हणेपर्यंत दिवा गेला. ती उभी राहिली. दिवा लागला. वाकली. गेला. मॅडमनी हातातली यंत्राची पाटी बघितली. रेवताच्या भोवती पिवळी चौकट होती आणि चौकटीवर लिहिलं होतं: रानडुक्कर, ब्याण्णव टक्के.

"यंत्र उंची आणि रुंदी बघतं," मॅडम हळू आवाजात सांगू लागल्या. "डोकं खांद्याच्या वर आहे का बघतं, दोन पायांची चाल बघतं. त्याला चेहरा दिसत नाही, लुगडं दिसत नाही, नुसता उबेचा डाग दिसतो. माणूस म्हणजे उभा डाग, एवढंच आम्ही त्याला शिकवलं. वाकलेला माणूस आम्ही त्याला कधी दाखवलाच नाही. कोणी वाकलंच नाही हो."

"वाकली होती," रेवता म्हणाली. "आत्याबाई वाकल्या होत्या. यायनं उभं केलं."

तिनं माझ्याकडे बोट केलं नाही. नुसतं पाहिलं. त्यानंतर तीन आठवडे ती माझ्याशी बोलली नाही. भाकर पुढ्यात ठेवायची, पाण्याचा लोटा ठेवायची, निघून जायची. ईश्वर आईची माती उरकून पुन्हा ट्रकवर गेला होता. घरात दोन माणसं आणि भांड्यांचा आवाज. ती खरं बोलली होती.

*

तेंदूची पानं पाच मेपासून तोडायची होती. तेंदूची जी झुडपं तोडतात ती गुडघ्याएवढी असतात. पान तोडायचं तर वाकूनच तोडावं लागतं, आणि तेही सगळ्या गावाला, सकाळी चारपासून. रेवता जाणार होती. पारबताबाई जाणार होत्या. त्याच जंगलात सी-नऊ होती आणि तिची दोन मोठी होत आलेली पिल्लं होती, त्यांच्याही गळ्यात पट्टे होते, आणि ते पट्टे वाकलेल्या बाईला डुक्कर म्हणणार होते.

सबनीस मॅडमनी वर लिहून दिलं. वाकलेल्या माणसांची काही हजार चित्रं मिळाली तर पाच दिवसांत यंत्र दुरुस्त होईल, असं त्या कागदात होतं. मी गावातर्फे अर्ज दिला. भिवराच्या मानेवरच्या दातांच्या खुणांचा डॉक्टरचा दाखला जोडला.

उत्तर बावीस एप्रिलला सगळ्यांच्या मोबाईलवर आलं. चावडीसमोर बसून आम्ही ऐकलं. मोबाईल गोड बाईच्या आवाजात वाचत होता.

"परिपत्रक. निर्धोक क्षेत्रात वनोपज गोळा करणाऱ्या सर्व नागरिकांना कळवण्यात येते की, सुरक्षिततेच्या दृष्टीने वनात वाकण्यास मनाई करण्यात येत आहे. अपरिहार्य असल्यास दर दहा सेकंदांनी पूर्ण ताठ उभे राहावे. वाकलेल्या अवस्थेत काही अनुचित प्रकार घडल्यास प्राधिकरण जबाबदार राहणार नाही. आपला दिवस शुभ जावो."



मग पारबताबाई म्हणाल्या, "तेंदूच्या झाडाले बी एक कागद धाडा म्हना. बापा, तूच जरा वर येत जा."

"आन् बाहेर बसाले गेलं तं वो?" दुसरी म्हणाली. "दर दहा सेकंदांनी उठू का?"

हसता हसता त्या थांबल्या. एकीनं मोबाईल पालथा ठेवला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. मी गेली चाळीस वर्षं सरकारी कागद बघतो आहे. यंत्राला माणूस ओळखायला शिकवता आलं नाही म्हणून माणसाला खांबासारखं उभं राहायला सांगणारा कागद मी पहिल्यांदाच पाहिला. त्यांना चूक माहीत होती. परिपत्रकात 'वाकलेल्या अवस्थेत' असं लिहिलं होतं, म्हणजे माहीत होती. माहीत असून त्यांनी ती आमच्या पाठीवर ठेवली.

दोन दिवसांनी देवस्थळी गाडी घेऊन घरी आले. एकोणतीस एप्रिलला आमच्याच शाळेच्या मैदानावर 'शून्य मृत्यूची तीन वर्षं' असा सोहळा होणार होता. मंत्री येणार होते. गावकऱ्यांनी खांबासमोरून चालायचं आणि मोठ्या पडद्यावर यंत्र त्यांना माणूस म्हणून ओळखतं हे मंत्र्यांना दाखवायचं. शेवटी समितीच्या अध्यक्षानं आभार मानायचे.

"सुनेला केंद्रात कायमची नोकरी देतो, काका," ते ओट्यावर बसून म्हणाले. "तिला जंगलात जायची गरजच नाही. आणि काकूंच्या नोंदीत डुक्कर आहे ते काढून 'अज्ञात' करून घेऊ. मी शब्द देतो."

"अज्ञात," मी म्हणालो.

"तेवढंच माझ्या हातात आहे."

आभाराचं भाषण टाइप करून आणलेलं होतं. मी ते घेतलं. रेवता दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. देवस्थळी गेल्यावर ती आत गेली आणि भिवराची मोहाची टोपली खुंटीवरून काढून स्वतःच्या खोलीत नेऊन ठेवली, जशी काही मी तीसुद्धा विकेन.

खरं सांगायचं तर त्या दिवशी मी दुपारभर तो कागद घेऊन बसलो होतो. सून वाचणार होती. बाकीच्या बायकांचं काय, हा प्रश्न मनात येत होता आणि मी तो बाजूला सारत होतो. ऊन उतरल्यावर उठलो आणि पारबताबाईंकडे गेलो.

त्या लसूण सोलत होत्या. मी सगळं सांगितलं.

"हं," त्या म्हणाल्या. "तीन वर्साआधी तुमीच आमाले ताठ केलं गा, लटारूभाऊ."

"होय."

"मंग आता वाकवा तुमीच." त्यांनी सालं माझ्या पायापाशी झटकली. "मी सांगतो बायांले. रेवताले नाई सांगत. तिचं तोंड पाहून साहेबाले समजून जाईन."

*

मैदानावर मांडव होता, कूलर होते, फुलांची कमान होती. पडदा शाळेच्या इमारतीएवढा. मैदानाच्या कडेला प्राधिकरणाचा खांब, दिवा निळा. सबनीस मॅडम मांडवाच्या बाजूला यंत्रापाशी बसल्या होत्या. मंत्र्यांचं भाषण झालं. मग देवस्थळींनी माईक घेतला आणि बायकांना चालायला सांगितलं.

बेचाळीस बायका ओळीनं खांबासमोर गेल्या. पडद्यावर त्यांच्या उबेचे उभे डाग दिसले. प्रत्येकीभोवती निळी चौकट आली आणि वर कोपऱ्यात आकडा: माणूस, बेचाळीस. टाळ्या पडल्या. ओळीच्या शेवटी रेवता होती. ती येणार नाही असं मला वाटलं होतं. तिच्या काखेत भिवराची टोपली होती.

देवस्थळींनी माईक माझ्या हातात दिला.

मी भाषणाचा कागद खिशातून काढला, उलगडला आणि जमिनीवर टाकला.

"बायांनो," मी म्हणालो, "मी तीन वर्साआधी तुमाले ताठ उभं राहाले सांगतलं. चुकलो. वाका आता. रोज वाकता तशा वाका."

पारबताबाई सगळ्यांत आधी वाकल्या. मग एकेक करून सगळ्या. कोणी मैदानातलं गवत उपटू लागली, कोणी खडे वेचू लागली. पडद्यावर निळ्या चौकटी लुकलुकल्या आणि पिवळ्या होत गेल्या. वरचा आकडा खाली यायला लागला, त्याच्या शेजारी दुसरा वर चढायला लागला. मांडवातली माणसं एका सुरात वाचत होती, शाळेत पाढे म्हणतात तशी. रानडुक्कर, नऊ. रानडुक्कर, तेवीस. रानडुक्कर, एकेचाळीस. खांबावरचा दिवा अजून निळा होता, कारण एक बाई अजून उभी होती. रेवता माझ्याकडे बघत होती. मग तिनं टोपली खाली ठेवली आणि वाकली.

दिवा गेला.

"चार एप्रिलले माजी बायको अशीच दिसली होती," मी माईकमध्ये म्हणालो. "तिचं नाव भिवरा लटारू नन्नावरे. तिच्या नावापुढं तुमी काय लिवलं ते त्या पडद्यावर वाचा."

देवस्थळींनी माझ्या हातातून माईक ओढला. मी मंचावरून उतरलो, बायकांमध्ये गेलो आणि रेवताच्या शेजारी वाकलो. दिवा पुन्हा लागला. माझी पाठ वयानं लाकूड झाली आहे, पुरती वाकत नाही. पडद्यावर बेचाळीस पिवळ्या चौकटी आणि मध्ये माझी एकटी निळी.

रेवतानं मान न वळवता पडद्याकडे पाहिलं. तीन आठवड्यांनंतर ती माझ्याशी पहिलं वाक्य बोलली.

"आखीन वाका, मामाजी. तुमी अजून मानूसच दिसता."

मी गुडघे टेकले, हात जमिनीला लावले. माझी चौकट पिवळी झाली.

तोवर देवस्थळी मंच सोडून पळत आले होते. पडद्याची तार खांबाजवळ जमिनीवरच्या पेटीत लावलेली होती. ती उपटायला ते वाकले. पडदा काळा होण्याआधी सगळ्या मांडवानं पाहिलं. रानडुक्कर, चव्वेचाळीस.

हशा उठला नाही. मी हशाची वाट बघत होतो. मंत्री खुर्चीतून उठून गाडीकडे चालू लागले, त्यांच्यामागे बाकीचे. देवस्थळी ओरडत होते, "उठा! कार्यक्रम संपला! उठा सगळ्या!"

बायका उठू लागल्या तेव्हा सबनीस मॅडम यंत्रावरून उठून आमच्यात आल्या. त्या खाली बसल्या, माझ्या कानाजवळ.

"काका, त्यांनी पडदा बंद केला आहे. खांबावरचा कॅमेरा चालू आहे. सगळं साठतं आहे. मला हेच पाहिजे होतं. वाकून राहा. फिरा, टोपल्या घ्या, बसा, पान तोडल्यासारखं करा. जितका वेळ जमेल तितका."

मी पारबताबाईंना सांगितलं. त्यांनी बायकांना सांगितलं.

एप्रिलचं ऊन होतं. मांडव रिकामा झाला, कूलर बंद केले, खुर्च्या उचलून नेल्या. बेचाळीस बायका मैदानात वाकून नसलेली पानं तोडत राहिल्या. सकाळी साडेदहापासून दुपारी दोनपर्यंत. कोणी पाणी आणलं, कोणी मुलाला पाठीवर बांधून वाकली, म्हणजे तसलंही चित्र यंत्राला मिळालं. ज्या कामासाठी सरकारनं गावोगाव पगारी माणसं पाठवायची, ते काम आमच्या बायका फुकट, उन्हात, सरकार पाठ फिरवून गेल्यावर करत होत्या. एक भोवळ येऊन पडली. तिला सावलीत नेलं, तिच्या जागी तिची जाऊ वाकली.

*

पाच मेच्या पहाटे चार वाजता सगळं गाव जंगलाच्या तोंडाशी पहिल्या खांबाखाली थांबलं होतं. दिवा निळा होता. पारबताबाई पुढे झाल्या आणि वाकल्या, मग सगळ्याच वाकल्या. आम्ही वर बघत होतो. दिवा निळाच राहिला. आम्ही दहा सेकंद मोजले, मग आणखी दहा.

"चला वो," पारबताबाई कंबर धरून उठत म्हणाल्या. "आज तरी मानसं झालो."

हंगामभर कोणाला ओरखडा नाही. सी-नऊ दोनदा जवळ आली, पट्टा थरथरला, ती वळून गेली.

सबनीस मॅडमनी दुरुस्ती चार मेला सकाळी खांबांवर चढवली होती. त्यांच्या बदलीचा हुकूम त्याच दिवशी दुपारी आला. प्राधिकरणानं पुढच्या आठवड्यात जाहीर केलं की निर्धोक योजनेची सुधारित आवृत्ती तज्ज्ञांनी दूरदृष्टीनं तयार केली आहे. वाकण्यास मनाई करणारं परिपत्रक मागे घेतलं नाही. ते आजही लागू आहे.

जायच्या आधी मॅडम घरी आल्या. त्यांच्या पाटीत चार एप्रिलचं चित्र होतं. नव्या यंत्राला त्यांनी ते दाखवलं होतं.

"बघायचं का?" त्यांनी विचारलं. मी रेवताकडे पाहिलं. ती माझ्याजवळ येऊन बसली.

काळ्या पडद्यावर मोहाच्या बुंध्याजवळ एक वाकलेला पांढुरका डाग. तो मी कुठेही ओळखला असता. डावा हात कमरेवर, उजव्यानं वेचणं. चाळीस वर्षं ती तशीच वेचायची. डागाभोवती निळी चौकट आली: माणूस, सत्त्याण्णव टक्के.

"या वेळी वाघीण कुठं होती?" मी विचारलं.

"एकशे साठ मीटर." मॅडमनी माझ्याकडे बघितलं नाही. "पट्टा थरथरला असता."

"आता थांबवा," रेवता म्हणाली. "पुढं नका लावू."

मॅडमनी थांबवलं. भिवरा निळ्या चौकटीत वाकलेली, हात फुलाकडे गेलेला.

"नोंद?" मी विचारलं.

"नोंद बदलणार नाहीत, काका. बदलली तर शून्य जातं."

मी ते चित्र कागदावर काढून मागितलं. त्यांनी बऱ्याच प्रती दिल्या. खाली मी माझ्या हातानं लिहिलं: भिवरा लटारू नन्नावरे, माणूस. खळ केली, रेवताला घेऊन सतरा नंबरच्या खांबाकडे गेलो आणि एक प्रत चिकटवली.

प्राधिकरणाचा माणूस येतो आणि ती फाडतो. मी पुन्हा चिकटवतो. आतापर्यंत सहा वेळा झालं. दर वेळी मी ती गुडघ्याच्या खाली, जमिनीपासून वीतभर वर लावतो. फाडायची तर त्यांना वाकावं लागतं. ते वाकतात, नखांनी खरवडतात, आणि त्यांच्या डोक्यावरचा दिवा निळाच राहतो.